चांगुणाच्या नावाचा फोटो

“चांगुणाबाई रंगनाथ गोडे कोण?”

एक्स-रेवाल्या बाईनं पडदा सारून आवाज दिला. चांगुणा बाकड्यावर बसली होती ती बसूनच राहिली आणि तिच्या शेजारची ठकूबाई उठली. पदर डोक्यावरून नीट केला, चांगुणाचं आधार कार्ड पुढं केलं आणि पडद्याआड गेली. कार्डावरचा फोटो चांगुणाचा होता, पण आधार कार्डावरचा माणूस आजवर कुणाला ओळखू आलाय? डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू आणि चेहऱ्यावर पोलीस धरून नेत असल्यासारखा भाव. तालुक्यातल्या निम्म्या बाया त्यात बसतील. एक्स-रेवालीनं कार्डाचा नंबर उतरवून घेतला आणि मान वर न करताच सांगितलं, “श्वास घ्या. सोडू नका.”

बाहेर बाकड्यावर चांगुणानंही श्वास धरला होता. तिला भीती होती खोकल्याची. इथंच उबळ आली असती तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

ठकूबाई तिची धाकटी जाऊ. अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावाहून पहाटेची एसटी धरून नगरला आली होती, सोबत पायलीभर तांदूळ घेऊन. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या जागी उभ्या राहत आल्या होत्या. एकीला अडचण असली की दुसरीनं चूल धरायची, एकीचं पोर आजारी असलं की दुसरीनं तिच्या वाट्याची लावणी उरकायची. चांगुणाला हिवताप आला त्या वर्षी तिचे सोळा सोमवार मध्येच राहिले, तर उरलेले सोमवार ठकूबाईनं धरले. पुजाऱ्यानंच सांगितलं होतं, घरातल्या बाईनं धरला की पोचतो. उद्यापनाला पाटावर मात्र चांगुणा बसली. आता उपास पोचतो तर फोटो का पोचू नये? असं दोघींपैकी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. चांगुणानं फोनवर एवढंच म्हटलं होतं, “ठकू, एका कामाला माझ्या जागी यायचंय.” ठकूबाईनं कसलं काम म्हणून विचारलंसुद्धा नाही.

काय काम ते इथं आल्यावरच कळलं. फोटो काढून झाला, दोघी तारकपूर स्टँडवर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा बोलली.

“अक्का, माझी छाती चांगली हाय हे मला बी ठाव हाय. तुमचं काय?”

“माझं काय व्हायचंय? धुराचा खोकला हाय.”

“संक्रांतीपासनं?”

चांगुणानं पदर सावरायला हात वर केला. हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. मेसमधल्या पोरी चिडवायच्या, मावशी डाएट करताय का म्हणून, आणि ती हसण्यावारी न्यायची. पण धुराचा खोकला कसा असतो आणि तो खोकला कसा असतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? रंगनाथ, तिचा नवरा, त्यातच गेला होता, गोळ्या अर्ध्यावर सोडून. तो गेला ते गेला, पण पुढचं वर्षभर चांगुणाच्या घरचा चहा गावात कुणी घेतला नाही. विहिरीवर बाया तिच्या हंड्यात वरून पाणी ओतायच्या, आपला पोहरा तिच्या हंड्याला लागू नये म्हणून. शिवी कुणी दिली नाही, हाकललं कुणी नाही. फक्त वरून पाणी ओतलं. त्याच पाण्याला कंटाळून ती नगरला आली होती, त्याला आता पंधरा वर्षं झाली.

“एकदा परवाना हातात पडू दे,” ती ठकूबाईला म्हणाली. “मंग गुपचूप गोळ्या चालू करते. तुझ्या गळ्याची आन.”

“माझ्या गळ्याची कशाला? माझ्या छातीचा फोटो दिलाय तेवढा बास हाय,” ठकूबाई म्हणाली आणि गाडीत चढली.

परवान्याचं हे खूळ निघालं नर्सिंग कॉलेजमुळं. तारकपूर स्टँडच्या मागं दोन खोल्यांत चांगुणाची मेस होती आणि बावीस पोरी जेवायला होत्या, सगळ्या त्याच कॉलेजच्या. यंदा कॉलेजनं नोटीस लावली की ज्या मेसला महापालिकेचा परवाना नाही, तिथं मुलींनी जेवायचं नाही. कॉलेजचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही. लोकांच्या लेकी सांभाळायच्या म्हणजे कागद बघावाच लागतो. पण बावीस पोरी गेल्या म्हणजे मेस गेली, आणि मेस गेली म्हणजे चांगुणानं पुन्हा गावाकडं, त्या विहिरीवर. यापलीकडं तिला तिसरी वाट दिसत नव्हती.

मेस म्हणजे तरी काय, चुलीसमोर अर्धगोल. मागच्या खोलीत जमिनीवर शेगडी, तिच्याभोवती एका वेळी आठ-दहा पोरी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात पडायची. डब्यात गार झालेली भाकरी म्हणजे चांगुणाच्या मते माणसाचा अपमान होता. खोलीला एक खिडकी होती, पण फोडणीचा ठसका वर घरमालकाच्या घरात जातो म्हणून ती बंदच. पोरी घामानं निथळायच्या, नाक पुसत ठेचा खायच्या आणि म्हणायच्या, मावशी, हॉटेलात हे सुख नाही. चांगुणा तोंडाला पदर लावून खोकायची आणि पुढची भाकरी थापायची.

अर्ज भरला एंजलनं. एंजल पारखे, कोपरगावची, दुसऱ्या वर्षाची. बाप यशया साखर कारखान्यात फिटर, आई लहानपणीच गेलेली. म्हणून असेल, पण ही पोर जेवून उठून जायची नाही, मागं राहून ताटं विसळायची, पीठ चाळायची, चांगुणाच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करायची. चुलीजवळची पहिली जागा तिची, हे बाकीच्यांनीही मान्य केलं होतं. तिनंच मोबाईलवर अर्ज उघडला आणि एकेक कागद मागून घेतला. घरमालकाची संमती, लाईट बिल, पाण्याचा तपासणी रिपोर्ट, जागेचे फोटो. घरमालक कुरकुर करत का होईना, सही देऊन मोकळा झाला. शेवटी राहिलं स्वयंपाक करणाऱ्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र. डॉक्टरनं रक्त आणि छातीचा फोटो सांगितला. रिपोर्ट आले, डॉक्टरनं ते बघून सही केली आणि चांगुणानं ते पाकीट एंजलच्या हातात दिलं.

एंजलनं एक्स-रे दाराच्या उजेडात धरला. नर्सिंगची पोर, बघणारच. चांगुणाच्या हातातलं पीठ हातातच राहिलं.

“मावशी, एकदम क्लिअर आहे,” एंजल म्हणाली. “मला आपली उगाच काळजी वाटत होती तुमच्या खोकल्याची. सांगू का, थोडी भीतीच वाटत होती.”

त्या वेळी सांगायला हवं होतं. चांगुणाला नंतर हजारदा वाटलं, की त्या वेळी, पीठ हातात असतानाच सांगायला हवं होतं. ती म्हणाली, “मला काय धाड भरलीय,” आणि पोरगी हसली.

महापालिकेत बिभीषण नावाचे भाऊसाहेब होते, परवान्याच्या टेबलावर. चांगुणा शंभराची नोट रुमालात बांधून गेली होती, लोकांनी सांगितलं होतं म्हणून. भाऊसाहेबांनी रुमालाची गाठ बघितली आणि म्हणाले, ते रिक्षाला राहू द्या मावशी. कागद तपासले, दोन ठिकाणी सह्या राहिल्या होत्या त्या दाखवल्या, जागा बघायला स्वतः आले आणि निघताना फक्त म्हणाले, खिडकी उघडी ठेवत जा. एखादा लबाड, खाणारा माणूस भेटला असता तर चांगुणाला बरं वाटलं असतं. लबाडाशी खोटं बोललं तर तेवढं टोचत नाही.

आषाढात परवाना आला. एंजलनं तो फ्रेम करून आणला, शेगडीच्या वर खिळा ठोकून लावला, संस्कृती नावाच्या पोरीनं त्याला झेंडूची माळ घातली. सगळ्यांनी फोटो काढले. चांगुणानं त्या दिवशी पुरण घातलं.

आणि गोळ्या? आता तुम्ही विचाराल. तीही निघाली होती दवाखान्याला, अगदी दुसऱ्याच दिवशी. महापालिकेच्या दवाखान्यात त्या गोळ्या फुकट मिळतात, हे तिला ठाऊक होतं. दारापर्यंत गेली आणि आत पांढऱ्या ॲप्रनमध्ये तिच्याच मेसच्या दोन पोरी दिसल्या, ड्युटीला आलेल्या. चोराच्या मनात चांदणं, ती तिथूनच मागं फिरली. मग ठरवलं, पोरींची ड्युटी संपली की जाऊ. मग गणपती आले. मग पितृपक्ष आला. अडुळशाचा काढा पोटात जात होता, खोकल्याच्या बाटल्या संपत होत्या. ठकूबाईचा फोन आला की सांगायची, चालू केल्यात गं, बरं वाटतंय.

नवरात्रात एंजल खोकायला लागली.

आधी सर्दी म्हणाली, मग हवामान म्हणाली. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. चांगुणानं कपाळाला हात लावला आणि तो हात तिनं बराच वेळ उचललाच नाही. तिला रंगनाथचं कपाळ आठवलं, तिन्हीसांजेचं. त्या रात्री तिनं पोरीला हळद-दूध दिलं, पाठीला लसूण-तेल चोळलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. दिवाळीच्या आधी एंजलच्या छातीत पाणी झालेलं निघालं, आणि बेडका तपासला तर त्यात टीबी.

कॉलेजनं हॉस्टेलच्या पोरी तपासल्या. मोठ्या डॉक्टरांनी एंजलला विचारलं, जेवायला कुठं जातेस, तिथं कुणी खोकतं का? एंजलनं सांगितलं की मेसवाल्या मावशी खोकतात, पण त्या क्लिअर आहेत, त्यांचं सर्टिफिकेट मी स्वतः अपलोड केलंय. डॉक्टर म्हणाले, मग वॉर्डातून लागलं असेल. तिथंच विषय संपला. हे सगळं संस्कृतीनं चांगुणाला भाकरी खाता खाता सांगितलं आणि चांगुणा तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

चार दिवसांनी यशया आला, लेकीचं सामान न्यायला. उंच, वाकलेला माणूस, हाताला कारखान्याच्या ग्रीसचे काळे डाग, जे कधीच निघत नाहीत. एंजल गाडीत बसून होती, तोंडाला मास्क लावून. हॉस्टेलनं तिला खोली सोडायला सांगितलं होतं, सहा महिने गोळ्या, यंदाची परीक्षा बुडाली. तो मेसच्या दारात चप्पल काढून उभा राहिला. चांगुणानं पाणी दिलं, तो तांब्या तोंडाला लावून प्यायला.

“ताई, तुमचे लई उपकार हायेत,” तो म्हणाला. “हॉस्टेलात पोरीच्या खोलीत कुणी पाऊल टाकीना. तुमी डबा घेऊन रोज गेलात म्हनं. तिच्या आईनं केलं नसतं इतकं केलं तुमी.”

चांगुणानं पदर तोंडाला लावला. खोकला नव्हता, तरी लावला.

“एकच मागनं हाय तिचं,” यशया म्हणाला. “तिला खुद्द यायचं हुतं, पर ती म्हनली मी दारात जात न्हाई. तिच्यामुळं तुमाला लागलं असंल, ह्याचा तिनं घोर घेतलाय. रातीला झोपत न्हाई. तेवढं एकदा तपासून घ्या, ताई. माझ्या लेकीच्या जिवाला बरं वाटंल.”

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले, दारातच, आणि चांगुणाचं नाव घेऊन पुटपुटत प्रार्थना केली. मग गादीची वळकटी खांद्यावर टाकून गेला. गाडीच्या खिडकीतून एंजलनं हात हलवला. चांगुणानं हलवला की नाही, तिला आठवत नाही. रंगनाथ गेला त्या दिवशीही तिला इतकी स्वतःची किळस आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस उघडलीच नाही. दाराला कागद चिकटवला, मावशी आजारी आहे, मेस बंद. शेगडीवरची फ्रेम काढली, वाळलेली झेंडूची माळ काढून टाकली आणि फ्रेम पिशवीत घालून ती महापालिकेत गेली.

बिभीषण भाऊसाहेबांनी ओळखलं. “नूतनीकरणाला अवकाश आहे मावशी,” म्हणाले.

“परत द्यायला आनलाय.”

ते हसले. म्हणाले, इतक्या वर्षांत परवाना मिळाला नाही म्हणून भांडायला येणारे पाहिले, परत द्यायला आलेलं पहिलं माणूस तुम्ही. त्यांनी व्यवसाय बंद करण्याचा अर्ज काढला, तिच्या वतीनं नाव-पत्ता लिहिला आणि कारणाच्या रकान्यापाशी थांबले. घरगुती कारण असं लिहितो, सगळे तेच लिहितात.

“न्हाई भाऊसाहेब. लिव्हा, छातीचा फोटो माझा न्हाई. माझ्या जावंचा हाय. टीबी मला हाय.”

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली आणला. “मावशी, हे लिहिलं तर गुन्हा होईल. तुमच्यावर, तुमच्या जावेवर. आजारी आहात, मेस बंद करताय, विषय संपला. कोण विचारतंय?”

“कुनीच इचारलं न्हाई, म्हनून तर झालं,” चांगुणा म्हणाली. “जावंचं नाव नका घालू. तिला मी बोलावलं. माझं घाला.”

भाऊसाहेबांनी अर्ज पुढ्यात ओढला. मग फाइलमधलं प्रमाणपत्र काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. जावेचं नाव घातलं नाही. अंगठा नको, सही येते, असं ती म्हणाल्यावर पेन पुढं केलं. तिनं सही केल्यावर ते पेन त्यांनी परत घेतलं नाही. राहू द्या तुम्हाला, म्हणाले, आणि दवाखान्याच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहायला ड्रॉवरमधून दुसरं काढलं. त्यांचं काही चुकलं नाही. चांगुणानं पेन पदराला बांधलं.

महापालिकेच्या पायरीवर बसून तिनं एंजलला फोन लावला. मनात जुळवून ठेवलेलं सगळं विसरलं. आडवंतिडवं सांगितलं, पण सगळं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, दम लागलेला.

“मी सगळ्यांना सांगितलं, तुम्ही क्लिअर आहात म्हणून,” एंजल शेवटी म्हणाली. “डॉक्टरांना, रेक्टरना. देवाला साक्षी ठेवून सांगितलं, मावशी.”

“व्हय गं.”

“मी फक्त एकदा विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?”

खरं उत्तर नाही असं होतं. चांगुणानं तेच दिलं. फोन बंद झाला. तिनं परत लावला नाही.

ठकूबाईला मात्र त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडली, आधी शिव्या दिल्या मग रडली, आणि म्हणाली, गावाकडं या अक्का, मी करते तुमचं. तुमच्या वाट्याचा गुरुवार धरते, मार्गशीर्ष लागतोय. चांगुणा म्हणाली, “आता माझ्या जागी काय सुदिक करू नको, ठकू. माझं मला करू दे.”

दवाखान्यात पुन्हा फोटो काढला. या वेळी नाव पुकारल्यावर तीच उठली. आतल्या बाईनं श्वास धरा म्हटल्यावर तिला तो धरता आला नाही, तीनदा काढावा लागला. रिपोर्ट यायला वेळ लागला नाही. डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग नावाला उरला होता. डॉक्टर म्हणाले, एवढे महिने काय करत होता?

गोळ्यांच्या खोलीत टेबलामागं संस्कृती होती, ड्युटीला. पांढरा ॲप्रन, तोंडाला मास्क. चांगुणाला बघून ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. पोरींना एवढंच कळलं होतं की मावशी आजारी आहे. संस्कृतीनं कार्ड बघितलं, मग चांगुणाकडं बघितलं, मग पुन्हा कार्ड. पाकिटातल्या गोळ्या काढल्या आणि चांगुणानं ओंजळ पुढं केली, तिच्यात त्या वीतभर वरून सोडल्या. इथंच गिळायच्या असतात, समोर. चांगुणानं गिळल्या. नंतर तोंड उघडून दाखवलं.

“आता कॉन्टॅक्ट लिहायचे आहेत, मावशी,” संस्कृती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. “सहा महिन्यांत तुमच्याजवळ बसलेली माणसं. सगळ्यांना तपासावं लागतं.”

खोलीची खिडकी उघडी होती, गार वारा आत येत होता. चांगुणानं डोळे मिटले आणि शेगडीभोवतीचा अर्धगोल डोळ्यांपुढं आणला. कोण कुठं बसतं, कुणाला करपलेली भाकरी आवडते, कुणाला मऊ, सगळं पाठ होतं. डाव्या हाताकडून सुरुवात केली.

“एंजल यशया पारखे.”

संस्कृतीनं लिहिलं.

“ज्ञानेश्वरी. आडनाव तुला ठाव हाय.”

लिहिलं.

तिसऱ्या जागेपाशी चांगुणा थांबली. डोळे उघडले. संस्कृतीचं पेन कागदाला टेकून उभं होतं, ते हलत नव्हतं.

“लिव्ह बाई,” चांगुणा म्हणाली.

संस्कृतीनं मान खाली घातली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. मग विचारलं, “चौथं?”